शेपटीच्या माराच्या खुणा

वनस्पतींवर जगणाऱ्या काही डायनासोरांच्या शेपटीवर लांब काटे होते, तर काहींच्या शेपटीच्या टोकाला हाडाची जड गाठ होती. संग्रहालयात उभ्या केलेल्या सांगाड्यांवर ही आयुधे इतकी ठळक दिसतात की त्यांचा उपयोग वेगळा सिद्ध करावा असे कोणाला वाटत नाही. परंतु शस्त्रासारखा दिसणारा अवयव खरोखरच शस्त्र म्हणून वापरला गेला हे ठरवायचे, तर मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या हाडांवर त्याची खूण सापडावी लागते. अशा खुणा सापडल्या आहेत, आणि माझ्या मते अखंड सांगाड्यापेक्षाही त्या अधिक मोलाच्या आहेत.

स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक कालखंडाच्या अखेरीस, आजच्या अमेरिकेच्या पश्चिम भागात वावरत होता. त्याच्या शेपटीच्या टोकाशी काट्यांच्या दोन जोड्या असत आणि मोठ्या प्राण्यात एकेक काटा ६० ते ९० सेंटीमीटर लांब भरे. अनेक शाकाहारी डायनासोरांची शेपटी हाडासारख्या कडक झालेल्या कंडरांमुळे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांमुळे) ताठ राहत असे. स्टेगोसॉरसच्या शेपटीत अशा कंडरा नसल्यामुळे ती दोन्ही बाजूंना मोकळेपणाने वळू शके. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५१ काटे तपासले गेले, तेव्हा त्यांतील सुमारे दहा टक्के काट्यांना आघाताने इजा झालेली आढळली. पुढे २००५ मध्ये केनेथ कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅलोसॉरस या मांसाहारी डायनासोरच्या शेपटीतील एका मणक्याचे वर्णन केले. त्या मणक्याला आरपार भोक पडलेले होते, त्यात स्टेगोसॉरसचा काटा नेमका बसत होता, आणि भोकाच्या कडेने हाड भरून येऊ लागले होते. म्हणजे घाव बसल्यानंतरही तो अ‍ॅलोसॉरस काही काळ जिवंत होता.

सॉरोपॉडांच्या, म्हणजे लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरांच्या, चाबकासारख्या शेपटीविषयी मात्र जरा सावधपणे बोलावे लागते. तिचे टोक ध्वनीपेक्षा वेगाने फिरत असावे, असे १९९७ साली नेथन मिरव्होल्ड आणि फिलिप करी यांनी संगणकीय प्रतिकृतीवरून सुचवले होते. २०२२ मधील नव्या प्रतिकृतीने तो वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच दाखवला.

अँकिलोसॉरसच्या, म्हणजे अंगावर हाडांचे कवच असलेल्या शाकाहारी डायनासोरांच्या, कुळातील शेपटीची रचना सर्वांत विलक्षण आहे. तिचा पुढचा अर्धा भाग लवचीक असे, तर मागच्या भागातील मणके एकमेकांत घट्ट अडकून हातोड्याच्या दांड्यासारखे ताठ होत, आणि त्या दांड्याच्या टोकाला त्वचेत तयार झालेल्या हाडांची गदा असे. २००९ साली व्हिक्टोरिया आर्बर यांनी गदांच्या आकारावरून आघाताचे बळ मोजले. त्यावरून मोठ्या गदेचा फटका हाड मोडण्याइतका जबर होता, लहान आणि मध्यम गदांचा नव्हता, असे दिसले.

मग हा फटका बसत होता कोणाला? अमेरिकेतील मोंटाना राज्यात सापडलेल्या आणि सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या झूल या अँकिलोसॉरसच्याच कुळातील प्राण्याला २०१७ साली ‘नडग्यांचा नाश करणारा’ अशा अर्थाचे प्रजातिनाम मिळाले, कारण तेव्हा डोळ्यांसमोर मांसाहारी शत्रूचेच पाय होते. पुढे खडकातून त्याचे उरलेले शरीर मोकळे केल्यावर कमरेजवळच्या दोन्ही बाजूंचे काही काटे टोकाशी मोडलेले आणि नंतर भरून आलेले आढळले. भक्षकाने केलेल्या जखमा अंगावर कुठेही विखुरलेल्या असत्या. या जखमा मात्र शेजारी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या झूलची गदा जिथे पोहोचेल तिथेच आहेत. आर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की हे प्राणी आपापसांतील झुंजींत गदा चालवत असावेत, आणि गदेच्या उत्क्रांतीला या झुंजींनी भक्षकांपेक्षाही अधिक चालना दिली असावी. मला हे पटते. अर्थात एवढ्यावरून संरक्षणाचा उपयोग बाद होत नाही, कारण प्रतिस्पर्ध्याच्या कुशीवर आदळणारी गदा जवळ आलेल्या भक्षकाच्या पायावरही तितक्याच जोराने बसू शकली असती.