विधी विद्यार्थ्यांची आंतरवासिता व पूर्वदोषींचे पुनर्वसन

शिक्षा भोगून सुटलेल्या, परिवीक्षेवर (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर) सोडलेल्या किंवा निर्दोष ठरूनही पोलीस दप्तरी नाव राहिलेल्या व्यक्तींना नोकरी, घर, परवाना मिळवताना कायद्याचे विद्यार्थी वकील-अध्यापकांच्या देखरेखीखाली जे साहाय्य करतात, त्या प्रथेचा येथे विचार केला आहे. ‘माजी कैदी’ हा रूढ शब्द यासाठी अपुरा पडतो; मदत मागायला येणाऱ्यांपैकी काहींनी तुरुंगाची पायरीही चढलेली नसते.

उगम : वैद्यकीचा विद्यार्थी जसा रुग्णाजवळ बसून शिकतो, तसा कायद्याचा विद्यार्थी पक्षकाराजवळ बसून शिकावा, ही मूळ कल्पना. ती प्रथम कोठे रुजली याबद्दल मतभेद आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १८९३ च्या सुमारास गरिबांसाठी सुरू केलेला ‘कायद्याचा दवाखाना’ हा आद्य मानण्याकडे अमेरिकी अभ्यासकांचा कल आहे. दुसरा पक्ष रशियन कायदेपंडित अलेक्झांडर ल्युब्लिन्स्की यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या, बहुधा १९०१ मधील, लेखनाकडे बोट दाखवतो. हार्वर्डमधील विद्यार्थ्यांचे विधिसाहाय्य मंडळ १९१३ चे. मात्र आरंभीचे उपक्रम मुख्यतः स्वयंसेवी होते. त्यांचा अभ्यासक्रमाशी संबंध सैल होता. शिक्षणपद्धती म्हणून विचार करायचा, तर जॉन ब्रॅडवे यांनी १९३१ मध्ये ड्यूक विद्यापीठात सुरू केलेल्या क्लिनिकपासून (अभ्यासक्रमाला जोडलेल्या विधिसाहाय्य केंद्रापासून) गणना करणे अधिक सयुक्तिक वाटते. १९६८ पासून फोर्ड प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने अशी क्लिनिके अमेरिकेत सर्वदूर पोहोचली. याच सुमारास विद्यार्थ्यांना देखरेखीखाली न्यायालयात उभे राहू देणारे नियमही झाले.

गुन्ह्यांच्या नोंदींचे काम हा या परंपरेचा बराच नंतरचा फाटा होय. संगणकामुळे उमेदवाराचा पूर्वेतिहास तपासणे स्वस्त झाले आणि जुनी शिक्षा नव्याने आडवी येऊ लागली. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात केलेल्या प्रयोगात (प्रसिद्धी २००३) नोंद नसलेल्या गोऱ्या अर्जदारांपैकी ३४ टक्क्यांना मालकांकडून पुन्हा बोलावणे आले, नोंद असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. कृष्णवर्णीयांत हेच प्रमाण अनुक्रमे १४ व ५ टक्के होते.

कॅलिफोर्नियातील पद्धत : बर्कलीच्या विधी विद्यार्थ्यांनी १९८८ मध्ये स्थापिलेल्या ईस्ट बे कम्युनिटी लॉ सेंटरमध्ये नोंद-निरसनाचे, म्हणजे जुन्या गुन्हे-नोंदीची आडकाठी कायद्याने दूर करून घेण्याचे, काम चालते. या राज्यात अर्जदार आधी बोटांचे ठसे देतो; मग राज्याच्या न्याय विभागाकडून त्याचा गुन्हे-गोषवारा येतो. विद्यार्थी तो ओळीओळीने वाचतो : कोणती परगणा न्यायालये, कोणते कलम, परिवीक्षा केव्हा संपली, दंड भरला की नाही. एकाच माणसाच्या नावावर तीन परगण्यांत प्रकरणे असली, तर अर्जही तीन ठिकाणी. दंडसंहितेच्या कलम १२०३.४ खाली सीआर-१८० हा नमुना भरला जातो. अर्ज मान्य झाला की गुन्ह्याची कबुली मागे घेतली जाऊन खटला निकाली निघतो. नोंद मात्र नाहीशी होत नाही. तिच्यावर खटला निकाली निघाल्याचा शेरा पडतो. शस्त्रबंदी उठत नाही, आणि सरकारी परवान्याच्या अर्जात दोषसिद्धी सांगावीच लागते. हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत समजावून सांगणे विद्यार्थ्याचे कर्तव्य होय; खोटी आशा लागलेल्या माणसाचे नुकसान फार मोठे असते.

मिशिगन राज्याविषयी जे. जे. प्रेस्कॉट व सोन्या स्टार यांच्या २०२० मधील अभ्यासात पात्र व्यक्तींपैकी जेमतेम ६.५ टक्क्यांनी पाच वर्षांत निरसन मिळवल्याचे दिसले. ज्यांना ते मिळाले त्यांची कमाई वर्षभरात सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. फॉर्म, फी आणि न्यायालयाची धास्ती यांपुढे माणसे हटतात. विद्यार्थी उपयोगी पडतो तो इथेच. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये कायदा करून काही नोंदी अर्जाविना आपोआप झाकण्याची सोय केली.

भारत : ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने ठराविक मुदतीनंतर दोषसिद्धी ‘सरलेली’ मानली जाते. भारतात प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम २४ बालकांची अपात्रता दूर करते व नोंदी नष्ट करण्यास सांगते. सोळा वर्षांवरील व निर्घृण अपराधाबद्दल प्रौढांप्रमाणे खटला चाललेले याला अपवाद. प्रौढांना आधार उरतो तो अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ मधील कलम १२ चा. कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही, असे ते म्हणते. ‘अपात्रता’ म्हणजे काय, यावर मोठा वाद झाला. नोकरीतून बडतर्फी हीही अपात्रताच, असा उदार अर्थ काही निर्णयांत निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाने टी. आर. चेल्लप्पन (१९७५) व बक्षी राम (१९९०) या प्रकरणांत तो नाकारला. निवडणुकीस उभे राहण्याची बंदी यांसारख्या, अन्य कायद्यांनी लादलेल्या अपात्रताच या कलमाने दूर होतात. खात्याचा कारवाईचा अधिकार शाबूत राहतो. शब्दार्थाने हा निर्णय बरोबर असला, तरी कायद्यामागील सुधारणेचा हेतू त्यामुळे अर्धाच राहतो.

नोकरीच्या साक्षांकन नमुन्यातील (उमेदवार स्वतःची माहिती खरी असल्याचे लिहून देतो त्या अर्जातील) ‘आपणांस कधी अटक झाली आहे काय?’ हा रकाना अनेकांना अडतो. अवतार सिंग (२०१६) या निकालाप्रमाणे माहिती खरीच द्यावी लागते. परंतु तरुण वयातील किरकोळ प्रकरण लपवले गेले असल्यास ते दुर्लक्षिण्याची मुभा मालकाला आहे. म्हणून भारतातील विद्यार्थ्याचे काम पुसण्याचे नसून कागद जुळवण्याचे असते. निर्दोष सुटलेल्याला अनेकदा निकालाची प्रत कधी मिळालेलीच नसते. खटला क्रमांक शोधणे, नक्कल विभागात अर्ज देणे, सही-शिक्क्याची प्रत हाती आली की ती चारित्र्य पडताळणीच्या अर्जाला जोडणे, पोलीस ठाण्यात ‘प्रलंबित’ राहिलेली नोंद दुरुस्त करण्याचे निवेदन लिहिणे, असा हा क्रम. युक्तिवाद मात्र सनदधारक वकिलानेच करायचा.

वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) लागते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०११ च्या विनियमांत विधी महाविद्यालयांच्या क्लिनिकांची तरतूद आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंदी व सुटलेल्यांसोबत काम करतो; त्याचा पाया मात्र समाजकार्याचा आहे.

महाराष्ट्रात या कामाला आणखी एक पदर आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, कैकाडी, भामटा अशा समाजांवर जन्मतःच शिक्का मारला. सोलापुरात त्यांना सेटलमेंटच्या (सक्तीच्या वसाहतीच्या) तारेआड ठेवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे समाज विमुक्त झाले, पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या पुढील कायद्यांतून संशय टिकून राहिला. येथे व्यक्तीची नोंद नसतानाही समाजाचे नाव पुरेसे ठरते, आणि कोणतेही कलम १२ त्यावर चालत नाही.

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या सनदेलाही हा विषय स्पर्श करतो. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४क प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या अपराधात दोषी ठरलेल्यास नोंदणी नाकारली जाते. सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते, आणि परिवीक्षेवर सोडलेल्यास ती लागूच होत नाही.