टेकडीवर लेंड्या खाणारा कुत्रा: आमच्या ग्राहकांसाठी

‘तुमच्याबरोबर फिरून आला की तोंडाला शेणाचा वास येतो,’ ही तक्रार आम्हा कुत्रे फिरवणाऱ्यांकडे पावसाळा लागला की हमखास येते. पुण्यातली वेताळ टेकडी हिरवी झाली की गाई-शेळ्या चरायला येतात आणि वाटेवर मेजवानी मांडून जातात. कुत्र्याच्या लेखी लेंडी म्हणजे अर्धवट पचलेला चारा. मांजराच्या शीत तर प्रथिनं भरपूर, म्हणून घरातला लिटर ट्रे त्याच्या नाकाखाली ठेवू नका. तो उपाशी आहे असं मात्र लगेच समजू नका. एरवी तोंड न लावणारा मोठा कुत्रा अचानक खायला लागला, वजन उतरलं, शी तेलकट आणि ढीगभर व्हायला लागली, तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्या.

ताज्या शेणाने बहुतेक वेळा जुलाबापलीकडे काही होत नाही. कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू येऊ शकतो, आणि मग तोच कुत्रा घरातल्या पोरांची तोंडं चाटतो. दुसऱ्या कुत्र्याची शी आम्ही सगळ्यात वाईट मानतो: जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी, जंत आणि मातीत महिनोन् महिने टिकणारा पार्व्हो विषाणू. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू आम्ही टेकडीवर नेत नाही, कितीही गळ घातली तरी.

एक धोका फारसा कुणी सांगत नाही. जनावरांना जंतांसाठी आयव्हरमेक्टिन दिलं की ते शेणातून, लिदेतूनही बाहेर पडतं. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरांतल्या काही कुत्र्यांना ते जन्मतःच सोसत नाही. झोकांड्या, लाळ, थरथर, विस्फारलेल्या बाहुल्या दिसल्या तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

शी तपासायला दिलीत तर त्याने काय खाल्लंय तेही डॉक्टरांना सांगा. शेळीचे कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, कुत्र्याच्या आतड्यात नांदत नाहीत, नुसते वाटसरू असतात. पण रिपोर्टात दिसतात आणि उगाच औषध सुरू होतं.

ओरडू नका, तोंडात हात घालून ओढू नका. तो आणखी घाईने गिळतो. आम्ही ‘सोड’ म्हणतो आणि सोडलं की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा देतो. घरीही हाच शब्द वापरा. अननस चारला की शी बेचव होते, असा उपाय बरेच जण सुचवतात, पण त्याचा भरवसा नाही. शिवाय शी ज्याची, अननस त्याला चारायचा. टेकडीवरच्या गाईला कोण चारणार?

पिल्लांना १२ आठवड्यांचं होईपर्यंत दर २ आठवड्यांनी जंतांचं औषध द्यावं लागतं. मोठ्या कुत्र्यांना साधारण दर ३ महिन्यांनी. शेवटचा डोस कधी दिला, ती तारीख सकाळी पट्टा हातात देताना आमच्या मुलाला सांगा.