छापखान्यापासून ग्रुप अ‍ॅडमिनपर्यंत

खटाव तालुक्यातील पुसेसावळीत सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल उसळली, त्यात एकाचा बळी गेला आणि प्रशासनाने सातारा जिल्ह्यातील इंटरनेट सेवा बंद केली. मोजक्या पोस्टपायी जिल्हाभराचे व्यवहार अडावेत, याचे कारण मजकुराची जबाबदारी कोणाची या जुन्या प्रश्नाच्या बदलत गेलेल्या उत्तरात आहे.

छापखान्याच्या काळात उत्तर सोपे होते. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव सक्तीचे केले, त्यामुळे सरकारला माणूस लगेच सापडे. तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्रावर १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला आणि संपादकाला शिक्षा झाली.

समाजमाध्यमांवर मात्र लिहिणारे असंख्य आणि पाटी कंपनीची. २००४ मध्ये एका वापरकर्त्याने विक्रीस ठेवलेल्या अश्लील चित्रफितीवरून बाझी डॉट कॉम या ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळाच्या प्रमुखास अटक झाली. त्यानंतर २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये मध्यस्थ, म्हणजे इतरांचा मजकूर केवळ पोहोचवणाऱ्या कंपनीला व्यापक संरक्षण मिळाले. मुख्य अट अशी की तिने मजकूर स्वतः निवडू वा बदलू नये आणि बेकायदा मजकूर कळताच हटवावा. हे ‘कळणे’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात ठरवले आणि ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे कलम ६६अ रद्द केले. याच कलमाखाली २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती.

खरी पोकळी यापुढे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ चे अभिव्यक्तिस्वातंत्र्याला असलेले संरक्षण मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहे. कंपनीने आपल्या नियमांवर बोट ठेवून पोस्ट काढली, तर नागरिकाच्या हाती फारसे काही उरत नाही. २०२१ च्या नियमांनी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पंधरा दिवसांची मुदत घालून दिली, पुढे अपिलासाठी समित्याही आल्या, पण त्या केंद्र सरकारनेच नेमलेल्या, ही गोम नजरेआड करता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश कंपनीलाही वाचता येत नाहीत, त्यामुळे तेथे नजर वळते ती ग्रुप अ‍ॅडमिनकडे. सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशाबद्दल समान हेतू असल्याखेरीज अ‍ॅडमिन गुन्हेगार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. तरीही सणासुदीच्या तोंडावर अ‍ॅडमिनना नोटिसा बजावण्याची पद्धत काही सुटलेली नाही.