पत्र्यावरची चार नॅनोमीटरची साय

जुन्या ॲल्युमिनियमच्या बोटीत तळाशी चिकटवलेला फोम उचकटला, की खाली बरेचदा पांढऱ्या भुकटीचे पुंजके दिसतात. असाच टाचणीच्या डोक्याएवढा एक पुंजका मी नखाने खरवडला. भुकटी आतून ओलसर, जेलीसारखी निघाली आणि तिच्या जागी पाण्याचा थेंब हळूहळू फुगत वर आला. पत्रा आरपार गेला होता. आजूबाजूचा पत्रा मात्र अगदी ठणठणीत होता.

‘ॲल्युमिनियमला गंज चढत नाही’ असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर हा धातू विलक्षण उतावळा आहे. उघडा पडला की क्षणार्धात हवेतला ऑक्सिजन पकडतो आणि अंगावर ऑक्साइडची साय धरतो. ही साय दोन ते चार नॅनोमीटर जाडीची असते. म्हणजे अशा वीस हजार साई एकावर एक रचल्या तर कुठे केसाची जाडी होईल. पण ती पत्र्याला घट्ट चिकटलेली असते आणि ओरखडा पडला तर आपोआप भरून येते. बोट वर्षानुवर्षं टिकते ती हिच्या जिवावर.

तिचा शत्रू आहे मिठातला क्लोराइड आयन. सायीत जिथे कच्चा दुवा असेल, विशेषतः मिश्रधातूतल्या लोहयुक्त कणाशेजारी, तिथे तो शिरकाव करतो. त्यानंतर जे घडतं ते मला रसायनशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात दुष्ट गोष्टींपैकी एक वाटतं. उघड्या पडलेल्या ठिकाणी ॲल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून बाजूच्या लोहकणाकडे जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. ही झाली एक चिमुकली बॅटरी. इकडे खड्ड्यात उतरलेला ॲल्युमिनियम आयन पाण्याच्या तीन रेणूंशी अभिक्रिया करून हायड्रॉक्साइड बनवतो (तीच ती पांढरी जेली) आणि तीन हायड्रोजन आयन मोकळे सोडतो. म्हणजे आम्ल तयार होतं. खड्ड्यात धनभार वाढला, की त्याचा तोल सांभाळायला बाहेरून आणखी क्लोराइड आत ओढला जातो. वर जेलीचं झाकण बसल्यामुळे आतलं आम्ल बाहेरच्या पाण्यात मिसळून पातळही होत नाही. सायीला मानवतो सुमारे ४ ते ८.५ सामू (म्हणजे pH; तो जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्ल), खड्ड्यातला सामू त्याहून खाली घसरतो, त्यामुळे तिथे साय पुन्हा धरतच नाही. खड्डा जितका खोल, तितका तो आणखी खोल जाणार. भोवतालचा मोठा पत्रा इलेक्ट्रॉन घ्यायला बसलेला आणि झिजायला मात्र एवढासा ठिपका, म्हणून दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा एकाच जागी आरपार जातो. ओला फोम हे काम आणखी सोपं करतो: पाणी धरून ठेवतो आणि ऑक्सिजन तिथवर पोचू देत नाही.

पत्र्याला दुसरा धातू टेकला असेल तर बॅटरी कितीतरी जोरकस होते. १८९५ साली अमेरिकाज कप ही शिडाच्या नौकांची शर्यत जिंकणाऱ्या ‘डिफेंडर’ नौकेला तिचे रचनाकार नॅथानिएल हेरेशॉफ यांनी पाण्याखाली मँगेनीज ब्राँझ (तांब्याचा मिश्रधातू), वर ॲल्युमिनियम आणि आत पोलादी सांगाडा दिला होता. वजन घटलं, शर्यत जिंकली. पण खाऱ्या पाण्याने नौका पोखरली आणि १९०१ मध्ये ती मोडीत काढावी लागली. पितळी स्क्रू, तांब्याचं संयुग असलेला शेवाळरोधक रंग किंवा बोटीत पडून राहिलेलं तांब्याचं नाणं, सगळ्यांची करामत तीच.

आता दुरुस्ती. आधी गळती शोधायची. बोट पाण्याबाहेर नीट टेकवून ठेवा, तळाला बाहेरून खडूची पूड चोळा आणि आत चार बोटं पाणी भरा. त्याहून जास्त नको; पाण्याचं वजन लिटरला एक किलो असतं. खडूवर काळपट ओल उमटेल तिथे खूण करा. रिव्हेटच्या (म्हणजे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांनी पत्रे जोडलेल्या) बोटीत बहुतेक ओल रिव्हेटभोवतीच असते. लाटांच्या दणक्यांनी ते सैल होतात. एका बाजूने जड लोखंडी ठोकळा टेकवून दुसऱ्या बाजूने हातोडीने ठोकलं तर पुष्कळसे पुन्हा आवळतात. बदलायचेच असतील तर साधे पोकळ पॉप रिव्हेट घालू नका. मधली दांडी गळून पडली की तिथे नळीच तयार होते. बंद टोकाचे ॲल्युमिनियमचे रिव्हेट सीलंट लावून बसवा. भेग असेल तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडा. अणकुचीदार टोकाशी साठलेला ताण गोलाईवर पसरतो आणि भेग तिथेच थांबते.

पोखरलेल्या छिद्राला इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा, वाळून कडक होणारा चिकट पदार्थ) चालतं, पण इथे तीच साय आडवी येते. घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर इपॉक्सी लावेपर्यंत साय परत आलेली असते आणि ती हवेतली ओल धरते. म्हणून आधी ॲसिटोनने तेलकटपणा काढा, पत्रा घासा, इपॉक्सीचा पातळ हात द्या आणि त्या ओल्या थरातूनच स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने पत्रा पुन्हा घासा. उघडा पडणारा धातू हवेला भेटायच्या आधी इपॉक्सीलाच भेटतो. ब्रश कोरा हवा. लोखंडावर वापरलेला असेल तर त्याचे कण पत्र्यात रुततात आणि नवे खड्डे सुरू होतात.

‘नुसती काडी वितळवा, छिद्र बंद’ अशा व्हिडिओंवर मात्र विसंबू नका. त्या जस्तमिश्रित काड्या ४०० अंशांच्या आसपास वितळतात आणि शीतपेयाच्या कोऱ्या डब्यावर चिकटतातही. बोटीचा पत्रा उष्णता झपाट्याने चहूकडे पळवतो आणि सांध्यात वर्षानुवर्षं मुरलेलं मीठ-पाणी काही जागचं हलत नाही. शिवाय ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तर साय २,००० अंशांनाही वितळत नाही. काडीचा रस सायीवरच तरंगत राहतो. वेल्डिंग करणारे एसी प्रवाहाने टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकातून विजेची ठिणगी पाडून केलेलं वेल्डिंग) करतात ते याचसाठी: दिशा बदलणारा प्रवाह प्रत्येक आवर्तनात साय फोडत जातो.

इपॉक्सी पूर्ण वाळलं की खडू-पाण्याची चाचणी पुन्हा करा. खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या बोटीला जस्ताचा ठोकळा लावा; ॲल्युमिनियमऐवजी तो झिजतो. तो कायम पाण्याखाली राहायला हवा, पत्र्याला धातूला धातू टेकून बसायला हवा आणि त्याच्यावर रंगाचा हात चुकूनही फिरवायचा नाही. आणि तो ओला फोम परत आत घालू नका.