'फ' न येणारा शिपाई

इ.स.पू. 411, अथेन्स. ॲरिस्टोफेनीसच्या 'थेस्मोफोरिआझुसाय' या प्रहसनात बायकांच्या सणात बाईच्या वेशात घुसलेला, नाटककार युरिपिडीसचा म्हातारा नातेवाईक पकडला गेलाय. त्याला फळीला जखडून वर एक सिथियन, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचा, परका शिपाई ठेवलाय. पहाऱ्याला बसायचं म्हणून शिपाई चटई आणायला निघतो. चटईला ग्रीकमध्ये 'फोर्मोस'. हा म्हणतो 'पोर्मोस'.

पुढे युरिपिडीस वीर पर्सियसचं सोंग घेऊन येतो आणि आपण गॉर्गोन राक्षशिणीचं डोकं नेत असल्याचं सांगतो. शिपायाला पुराणकथा कुठली ठाऊक! तो विचारतो, म्हणजे कारकून गॉर्गोसचं डोकं? तेही 'केफाले' नाही, 'केपाले'.

गंमत अशी की या चुकांना शिस्त आहे. फ चा प, थ चा त, ख चा क. तिन्ही अक्षरांतून नेमका हकार गळतो. आजच्या ग्रीकमध्ये ही अक्षरं घर्षणाने उच्चारतात, पहिलं तर चक्क फॅनमधल्या फ सारखं. पण तेव्हा तो फणसातला फ होता, याचा एक चांगला पुरावा हा शिपाईच. रोमन किंवा इंग्रज वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागतो; आपल्याला बाराखडीतच मिळतो.

लिंगंही तो चुकवतो, बाईला नपुंसकलिंग लावून मोकळा होतो. आपल्या नाटक-सिनेमातल्या परप्रांतीयाचं मराठी आठवा, कृती तीच.

सगळ्या परक्यांना मात्र ही मेहनत लाभली नाही. इ.स.पू. 425 च्या 'अखार्नियन्स'मध्ये इराणी बादशहाचा दूत एक ओळ निव्वळ अगम्य बडबडतो. त्याच नाटकात शेजारच्या मेगारा शहराचा भुकेला माणूस पोटच्या मुली डुकराची पिल्लं म्हणून विकायला आणतो. तो ग्रीकच, फक्त बोली वेगळी.

शिपायावरच एवढी मेहनत का? सिथियन तिरंदाज हे अथेन्सच्या सरकारी मालकीचे गुलाम, आणि काम शहरात बंदोबस्त ठेवण्याचं. नागरिकाला हात धरून ओढणारा गुलाम! रोज बाजारात ज्याची बोली कानावर पडते, त्याची नक्कल अचूक उतरणारच, आणि रंगमंचावर त्याला मूर्ख बनवण्यात वेगळीच चव असणार, असं मला वाटतं.

शेवटी युरिपिडीस म्हातारी बनून एक नाचणारी पोरगी आणतो. शिपाई पाघळतो, तिच्यासोबत आत जातो, तेवढ्यात कैदी पसार. म्हातारीने नाव सांगितलेलं असतं आर्तेमिसिया. तो धावत सुटतो, 'आर्तामुक्सिया! आर्तामुक्सिया!' ओरडत, उलट्या दिशेने.