खाट मोजून दिलेली मदत: मुंबई, कॅन्सर आणि कमी चिरफाडीचे उपचार

दुर्बिणीचं ऑपरेशन, सुई घालून गाठ जाळणं, नेमक्या जागी किरणांचा शेक (रेडिएशन), हे सगळं आपण 'कमी चिरफाड' म्हणून एकाच पिशवीत भरतो. पण त्यासाठीची मदत मुंबईत आजवर खाटेच्या हिशेबात मिळत आलीय आणि गोंधळ तिथंच आहे. 1941 ला परळला देणगीतून कॅन्सरचं टाटा हॉस्पिटल उभं राहिलं तेही 80 खाटांचं, पुढे ते केंद्राकडे गेलं, हे माहितीच आहे.

खरा मुद्दा 2006 चा. हायकोर्टाच्या आदेशाने धर्मादाय हॉस्पिटलांना योजना लागू झाली, 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. योजना चांगलीच होती, तिने कितीतरी घरं कर्जातून वाचवली असतील. पण 'खाट शिल्लक आहे का' हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी बसला, पेशंटचे नातेवाईक तेच विचारतात, पेपरवालेही तेच मोजतात. आता ज्याची लिव्हरमधली गाठ सुईने जाळली तो एक-दोन दिवसात घरी जातो, आणि शेक घेणारा बहुतेकदा खाटेवर झोपतच नाही, रोज येतो, दहा-पंधरा मिनिटं मशीनखाली, की बाहेर. त्याला हॉस्पिटलची खाट नकोच असते, त्याला मुंबईत पाठ टेकायला जागा हवी असते. ही गरज 10 टक्क्यांत बसत नाही, आणि माझ्या मते हीच त्या निर्णयातली मोठी फट आहे.

2012 ला राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, पहिल्या टप्प्यात मुंबई धरून 8 जिल्हे, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. त्यात शेकही होता. पण पॅकेज उपचाराचं, मुक्कामाचं नाही.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं. पूर्ण स्तन न काढता फक्त गाठ काढून शेक दिला तरी बाई तेवढंच जगते, हे 20 वर्षांच्या पाहणीतून 2002 मध्येच स्पष्ट झालं होतं. पण तो शेक तेव्हा पाच-सहा आठवडे चालायचा, मग जळगाव किंवा बीडहून आलेली बाई इतके दिवस राहणार कुठे, पोरं कोण बघणार, म्हणून 'काढूनच टाका डॉक्टर' म्हणायची, म्हणजे राहायला जागा नाही म्हणून स्तन गेला! पुढे तीन आठवड्यांचा शेकही तितकाच चालतो हे सिद्ध झालं, त्याने खूप फरक पडला. बाकीचा भार दादर-परळच्या धर्मशाळांनी उचलला, आणि जिथे त्याही पुरल्या नाहीत तिथे फुटपाथने. मला विचाराल तर कमी चिरफाडीच्या उपचारांना या शहरात सगळ्यात मोठा आधार त्या धर्मशाळांचाच आहे, तरी मदतीची चर्चा निघाली की मशीनचीच निघते.

2023 पासून खारघरला प्रोटॉनचे, म्हणजे आणखी नेमक्या शेकाचे, उपचारही सुरू झालेत. तिथे एक टाका पडत नाही, आणि तिथेही काही आठवडे रोज यावं लागतं.