‘जमात’ नावाचा रकाना, आणि तो भरणारी माणसं

तांब्याच्या खाणी, कामगारांच्या वसाहती, रविवारचे नाच, युनियनची भांडणं : उत्तर ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झांबियातल्या शहरांवरचं हे संशोधन मानववंशशास्त्र शिकलेल्या कुणालाही कुठे ना कुठे भेटलेलं असतं. पुस्तकांवरची नावं बहुतेक गोऱ्यांची. घरोघर वही घेऊन फिरलेल्या आफ्रिकी मदतनिसांची नावं ऋणनिर्देशात, तीही असली तर. या टिपणात दोन्ही बाजूंना नावांऐवजी हुद्द्यांनीच ओळखलं आहे; एकदा तरी पंगत सारखी बसू दे.

सुरुवातीचा इतिहास लांबवण्यासारखा नाही. १९३७ साली लिव्हिंगस्टन गावात, व्हिक्टोरिया धबधब्याजवळ, ऱ्होड्स-लिव्हिंगस्टन संस्था स्थापन झाली. एक साम्राज्य उभारणारा, एक मिशनरी प्रवासी, आणि दोघांच्या मधल्या जोडरेघेवर आफ्रिकी समाजाचा अभ्यास. पैसा वसाहतीच्या सरकारांचा आणि खाण कंपन्यांचाही. आफ्रिकेतच तळ ठोकून समाजशास्त्रीय संशोधन करणारी ब्रिटिश वसाहतींमधली ही पहिली संस्था मानली जाते.

पहिल्या संचालकांनी अभ्यासासाठी खेडं न निवडता ब्रोकन हिल, म्हणजे आजचं काब्वे, हे खाणीचं गाव निवडलं. कामगारांच्या घरी जाऊन बसायचं, त्यांच्याशी बरोबरीनं बोलायचं, ही त्यांची पद्धत. १९४० च्या मार्च-एप्रिलमध्ये तांबेपट्ट्यात, म्हणजे तांब्याच्या खाणींच्या मुलखात, संप झाला, न्काना इथल्या खाणीवर सैन्यानं गोळीबार केला आणि १७ कामगार मेले. त्यानंतर आफ्रिकी कामगारांमध्ये मोकळेपणानं मिसळणारा गोरा माणूस खाणमालकांना नकोसा झाला. त्यांचं काम थांबवण्यात आलं. त्यात ते युद्धविरोधी, शस्त्र धरायला नकार देणारे. १९४१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. संस्थेच्या इतिहासात हा प्रसंग ‘मतभेद’ एवढ्यावर आटोपतो. माझ्या मते पुढच्या वीस वर्षांच्या कामाची चौकट तिथेच ठरली. कामगारांच्या वसाहतीत कुणाला पाय ठेवू द्यायचा हे गोऱ्या संशोधकाच्या हातात राहिलं नाही, म्हटल्यावर आत-बाहेर करू शकणाऱ्या माणसांची गरज वाढत गेली.

दुसरे संचालक जोहान्सबर्गचे. १९४५ मध्ये त्यांनी सात वर्षांची संशोधन-योजना प्रसिद्ध केली, तरुण संशोधक गोळा केले, त्यांना आधी केपटाउनला तयार करून मग आपापल्या भागात पाठवलं. १९४७ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि थोड्याच वर्षांत मँचेस्टरला प्राध्यापक झाले. तिथून मानववंशशास्त्रात ज्याला ‘मँचेस्टर संप्रदाय’ म्हणतात त्याचं निम्मं धान्य या कोठारातलं.

आता वही घेऊन फिरणाऱ्यांकडे. त्यांना काय म्हणायचं यावरच घोळ आहे. आधी ‘दुभाषी’, कधी ‘कारकून’, मग ‘रिसर्च असिस्टंट’. आपल्याकडे ‘संशोधन सहाय्यक’ म्हटलं की पीएच.डी. करणारा, फेलोशिपची वाट पाहणारा पोरगा डोळ्यांसमोर येतो. ही माणसं तशी नव्हती. कुणी शाळामास्तर, कुणी कारकुनी केलेला, बहुतेक जण तीन-चार भाषा सहज बोलणारे. शहरात राहायचं कसं, कुणाच्या दारात कोणत्या भाषेत हाक द्यायची, बायकांना प्रश्न विचारायचे तर घरात आणखी कोण हजर हवं, हे शास्त्र त्यांचं होतं. पद मदतनिसाचं, काम अभ्यासकाचं.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तांबेपट्ट्यातल्या शहरांत घरोघर मोठी पाहणी झाली ती यांच्याच पायांवर. फॉर्ममध्ये कामधंदा, शिक्षण, लग्न, किती वर्षं शहरात, असे रकाने. आणि एक रकाना ‘ट्राइब’चा.

इथे मला थोडं थांबायचं आहे. मराठीत या शब्दाला काय म्हणायचं? आपली वर्तमानपत्रं आजही आफ्रिकेसाठी बिनदिक्कत ‘टोळी’ लिहितात. टोळी आपल्याकडे दरोडेखोरांची असते, ऊसतोडीची असते. झांबियातल्या लाखो बेम्बाभाषकांची ‘टोळी’ कशी होईल? ‘जमात’ म्हणावं तर लगेच राज्यघटनेतली अनुसूची आठवते, आणि ‘आदिवासी’ म्हटलं तर जंगल. तिन्ही शब्द त्या रकान्यात बसत नाहीत. गंमत अशी, की इंग्रजी शब्दही बसत नव्हता. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या एका अभ्यासकानं १९७१ मध्ये मांडलं, की तिथल्या देशी भाषांमध्ये ‘ट्राइब’ला शब्दच नाही. राष्ट्र, कूळ, वंश यांना शब्द आहेत, आणि परक्याला विचारायचा प्रश्न असतो : कुणाच्या मुलखातला तू? म्हणजे कोणत्या चीफच्या, मुलखाच्या कोणत्या पारंपरिक प्रमुखाच्या. ‘कुठलं गाव तुमचं?’ विचारून माणूस पुरता ओळखणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगायला नको.

तर समोरचा गाव सांगणार, चीफ सांगणार, आणि रकाना मागतो ट्राइब. मधली उडी वही हातात असलेल्यानं मारायची. संस्थेतल्या गोऱ्या अभ्यासकांच्या हे ध्यानात आलं नाही असं नाही. उलट त्यांचं सगळ्यात चांगलं काम याच भेगेतून निघालं. १९५६ साली एक छोटी पुस्तिका आली, कालेला नाचावर. लुआन्श्या या खाणीच्या शहरातल्या कामगार-वसाहतीत रविवारी बिसा लोकांतले तरुण तो नाचायचे. अंगात स्वच्छ बनियन, खाली राखाडी विजार, पायांत चकचकीत बूट. ढोल म्हणजे ४४ गॅलनची तेलाची पिंपं, तोंडावर गाईचं कातडं ताणलेलं. ताफ्यात एक ‘राजा’, एक पांढऱ्या कोटातला ‘डॉक्टर’, आणि शुभ्र कपड्यातली एक ‘नर्स’, जी हातात आरसा आणि रुमाल घेऊन नाचणाऱ्यांचे चेहरे पुसून त्यांना टापटीप ठेवायची. गाणी आपल्या चीफची आणि आपल्या मुलखाची थोरवी सांगणारी, बाकीच्यांची टर उडवणारी, पण भाषा तांबेपट्ट्यातली, सगळ्यांना कळणारी बेम्बा. पिसं, कातडी, भाले काहीच नाही. थोडक्यात, नाच ‘जमातीचा’ आणि जमातीची एक खूण नाही.

निष्कर्ष असा निघाला, की शहरातली ‘जमात’ खेड्यातून उचलून आणलेली नाही. हजारो अनोळखी माणसांत पटकन कुणाला कुठे ठेवायचं, कुणाशी थट्टा चालेल, कुणाशी जपून वागायचं, यासाठी शहरानं बनवलेला तो कप्पा आहे. बेम्बा आणि न्गोनी यांच्यात एकोणिसाव्या शतकात लढाया झाल्या. शहरात त्याच वैराची शिव्यांसकट चालणारी थट्टा-मस्करी झाली. हे वाचताना आजही मजा येते. पण पुस्तिकेत एक गोष्ट येत नाही : हा कप्पा लोकांच्या डोक्यात होता तसा पाहणीच्या कागदावर छापलेलाही होता, आणि पगारपत्रकापासून ओळखपत्रापर्यंत सरकारच्या नोंदींतही होता. अभ्यासकांना शहर दिसलं, छापखाना दिसला नाही.

१९५३ मध्ये ऱ्होडेशिया आणि न्यासालँड (आजचं मलावी) यांचं फेडरेशन, म्हणजे गोऱ्यांच्या सत्तेखालचं संघराज्य, लादलं गेलं. आफ्रिकी लोकांचा त्याला सरळ विरोध होता. जमिनी जातील ही भीती घराघरात होती. अशा वेळी दारात उभा राहून ‘घरात किती माणसं, कमाई किती’ विचारणारा स्वतःच्याच भाषेतला माणूस सगळ्यात आधी संशयात सापडतो. गोऱ्या संशोधकाला खाण कंपनी कामगार-वसाहतीबाहेर काढू शकत होती, आणि एकाला तसं काढलंही. सहाय्यकाला मात्र त्याच वसाहतीत संध्याकाळी परत राहायला जायचं असे. कोणता प्रश्न आज विचारायचा, कोणता उद्यावर ढकलायचा हे ते ठरवत, आणि त्या ठरवण्याची नोंद तक्त्यात येत नसते. त्यांच्यातले काही पुढे राष्ट्रीय चळवळीत उतरले, यात आश्चर्य काही नाही.

२४ ऑक्टोबर १९६४ ला झांबिया स्वतंत्र झाला. १९६६ मध्ये विद्यापीठ सुरू झालं, लुसाकात आधीच हललेली संस्था त्यात गेली, आणि ऱ्होड्सही गेला, लिव्हिंगस्टनही गेला. उरलं नुसतं ‘सामाजिक संशोधन’. १९७१ मध्ये नाव पुन्हा बदलून ‘आफ्रिकी अध्ययन’ झालं. त्याच वर्षी झांबियात शिकवून गेलेल्या एका दक्षिण आफ्रिकी समाजशास्त्रज्ञानं संस्थेच्या जुन्या कामावर जाहीर टीका केली : तुम्ही कामगाराचा सूट-बूट मोजलात, त्याच्या प्रतिष्ठेची श्रेणी लावलीत, पण त्याला तो सूट घालून ज्यांच्यासमोर उभं राहावं लागत होतं ती सत्ता मोजलीच नाहीत. जुन्या मंडळींना हे झोंबलं, त्यांनी उत्तरही दिलं. दोघांचंही वाचावं, माझं माप विचाराल तर टीकेचं पारडं जड आहे, जरी टीकाकारानं नाचातल्या नर्सच्या आरशाकडे दुर्लक्ष केलं. एकाच वर्षी दोन दक्षिण आफ्रिकी अभ्यासकांनी, एकानं शब्दावर आणि एकानं मापावर, घाव घातला. १९७३ मध्ये डाकारला आफ्रिकेतल्या समाजशास्त्रज्ञांची स्वतःची परिषद उभी राहिली, तेव्हा हा वाद ताजा होता.

लुसाकातल्या संस्थेचं नाव १९९० च्या दशकात आणखी एकदा फिरलं. ‘आफ्रिकी’ गेलं, ‘आर्थिक आणि सामाजिक संशोधन’ आलं. प्रकल्पांना पैसा कुठून येतो हे पाटीवरून ओळखायचे ते दिवस. पाहण्या आजही होतात, वही घेऊन फिरणारे आजही आहेत, आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर कुणाचं नाव जाणार याची कुरकुरही. झांबियाच्या नागरिकाच्या हिरव्या ओळखपत्रावर गावाच्या रकान्याबरोबर अजून एक रकाना असतो : चीफ.